शनिवारचं पाणी

माझ्या सासूबाईंइतकी तिखट तोंडाची बाई बिदरकडच्या मन्नाएखेळ्ळीत पुन्हा झाली नाही, असं तिथली जुनी माणसं अजून सांगतात. सांगताना आवाजात तक्रार नसते, अभिमान असतो, एखाद्या गावानं आपल्या जुन्या पैलवानाविषयी बोलावं तसा. कुणाच्या म्हशीनं कुणाची तूर खाल्ली, नळावर कुणी कुणाची घागर मागं सरकवली, की लोक स्वतः भांडायला न जाता यांना बोलवायला यायचे म्हणे. सुरुवात मराठीत, मधला भाग कन्नडमध्ये आणि शेवट हैदराबादी उर्दूत. तीनपैकी एक भाषा तरी समोरच्याला लागायचीच.

ही बाई माझ्या वाट्याला आली नाही, याची मला थोडी हळहळच वाटते. मला मिळाल्या त्या शिवी सोडलेल्या मामी. आमच्या भागात बायकोच्या आईला मामी म्हणतात, वडिलांना मामा. या मामी चर्चला जाणाऱ्या, हायवेवर चहा-भज्यांचं हॉटेल चालवणाऱ्या, आणि राग आला की पदराचं टोक दातात धरणाऱ्या. त्यांच्या एकूण एक साडीचं ते टोक चावून चावून विरलेलं असतं. माझी बायको म्हणते, आईची साडी मी ढिगातून डोळे झाकून काढून दाखवीन.

मी स्वतः चिंताकीचा, बौद्ध घरातला. आमच्या आजोबांनीच सगळ्या देवांना हात जोडून निरोप दिला होता, त्यामुळे देवाचं नाव काढलं की मला वाद घालावासा वाटतो. वाद हा माझा स्वभाव आहे. बायकोच्या मते तो आजार आहे. हुमनाबादेत माझं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळालेल्या पाण्याच्या मोटारी येतात, मी आतली जुनी तार काढून नवी भरतो. बायको नर्स आहे. आमचं लग्न विहारातही झालं आणि चर्चमध्येही झालं, म्हणजे जेवणं दोन झाली आणि रुसवेफुगवे त्याच्या दुप्पट.

लग्नाची हळद निघाली नव्हती तोवर मामींचा फोन आला. "जावईबापू, शनवारी मोकळे हाव का? मंठाळला जायाचं व्हतं जरा."

नव्या जावयाला नाही म्हणता येत नाही. दुकानाला कुलूप घालून मी मोटारसायकल काढली, मन्नाएखेळ्ळीहून मामींना मागं बसवलं आणि हुमनाबाद, बसवकल्याण करत मंठाळ गाठलं. गावाच्या कडेला दगडी भिंतीचं एक लहान घर, समोर लिंबाचं झाड. उंबऱ्यात एक उंच, वाळलेली बाई सुपात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मामींना बघताच ती सूप घेऊन उठली, आत गेली आणि दार लावून घेतलं. मामी दारापाशी गेल्या. "अक्का, पाणी द्या," म्हणाल्या. आतून काही आलं नाही. मग त्या लिंबाखालच्या दगडावर जाऊन बसल्या. ऊन असं होतं की मला रस्त्यावरची गाडी हलवून सावलीत घ्यावी लागली. बऱ्याच वेळानं उठल्या, पदर झटकला आणि म्हणाल्या, "चला, जावईबापू."

"चला?" मी म्हणालो. "एवढ्या लांबून बंद दाराला पाणी मागायला आलो होतो आपण?"

"व्हय," मामी म्हणाल्या, आणि गाडीवर बसल्या.

माझं डोकं तापलं होतं. बसवकल्याणला चहासाठी थांबलो तेव्हा मी विषय काढलाच, आणि मामींनी सगळं सांगितलं. चहा संपला तरी त्यांचं सांगणं संपलं नाही.

ती बाई म्हणजे मामींची मोठी जाऊ. मामी तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही अक्काच म्हणतो. पूर्वी दोघी मन्नाएखेळ्ळीत एकाच अंगणात नांदत होत्या. मामी तेव्हा चर्चच्या नव्हत्या आणि तोंड जोरात होतं. एका उन्हाळ्यात मामींनी अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. अक्काच्या कोंबडीनं त्या पार मातीत विस्कटल्या. एवढंच. पण मामींचं तोंड सुटलं, आणि मोठ्या जावेला कायम 'तुमी' म्हणणाऱ्या मामी त्या दिवशी 'तू'वर आल्या. शेवटी म्हणाल्या, "मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला कुणी उरायचं न्हाई!"

आपल्याकडे याच्यापुढची शिवी नाही. अक्काला तेव्हा एकच लेकरू होतं, अंगणभर रांगणारा मुलगा. पुढच्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. गावठी औषध झालं, बिदरचा दवाखाना झाला. लेकरू राहिलं नाही. त्यानंतर अक्काची कूस पुन्हा उजवली नाही. नवरा-बायको अंगण सोडून मंठाळला, अक्काच्या माहेरी, निघून गेले.

मामींना कुणी काही बोललं नाही. सगळ्यांना कावीळ कळत होती. पण मामींचं तोंड त्या दिवशी मिटलं ते मिटलंच. नळावर लोक मुद्दाम कळ काढायचे, काही ऐकायला मिळेल म्हणून, आणि या घागर उचलून चालायला लागायच्या. त्याच काळात वस्तीतल्या चर्चमधली एक म्हातारी त्यांच्या हॉटेलावर चहाला येऊ लागली. ती उपदेश करत नसे. चहा प्यायची, जाताना डोक्यावर हात ठेवून प्रार्थना म्हणायची. मामी म्हणतात, "कुणी तरी माझ्या डोक्यावर हात ठेवायलंय, माझं त्वांड ठाऊक असून ठेवायलंय, ह्येच मला लई झालं." वर्षभरात मामींनी आणि मामांनी बाप्तिस्मा घेतला.

आता त्या चर्चची रीत सांगितली पाहिजे. पत्र्याचं छोटं चर्च आहे ते. प्रवचन कन्नडमध्ये, गाणी मराठीत, आणि मध्येच कुणी तरी तेलुगू चाल लावतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. पण ते घेण्याआधी मन साफ पाहिजे, आणि मन साफ आहे की नाही हे ठरवायची या लोकांची एक पद्धत आहे. आदल्या शनिवारी, ज्याच्याशी तुमचं वाकडं आहे त्याच्या घरी जायचं आणि पाणी मागायचं. माफीबिफी काही म्हणायची नाही. शब्द काढला की नवं भांडण निघतं, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक आहे. पाणी मागायचं. त्यानं हातात दिलं, तुम्ही प्यालात, की मिटलं. कुणी ही रीत घातली ते कुणालाच आठवत नाही. पण त्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी लहानपणी ओंजळ धरून, वरून ओतलेलं पाणी प्यायलेलं आहे. हातात पेला देणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्यातुमच्यापेक्षा जास्त कळतं.

मामींचा पहिला शनिवार गावात अजून गाजतो. त्यांचं वाकडं कुणाशी नव्हतं असं घरच नव्हतं. सकाळी पदर खोचून निघाल्या, गल्ली धरून एकेक उंबरा. चर्चची घरं तर झालीच, पण ज्यांचा चर्चशी संबंध नाही तिथंही गेल्या. लोक आधी घाबरले, मग हसायला लागले, मग वाट बघायला लागले. एका आजीनं दोन पेले पाजले, कारण भांडणं दोन झाली होती. कुणी लिंबू पिळलं. दुपारी मामा बघायला गेले तर मामी एका ओसरीवर पोट धरून बसलेल्या. "अजून किती ऱ्हायलं?" मामांनी विचारलं. "खालची गल्ली," मामी म्हणाल्या, आणि उठल्या.

संध्याकाळी सगळं गाव पिऊन झालं. राहिलं फक्त मंठाळ.

पुढच्या महिन्यात त्या बसनं मंठाळला गेल्या. दार बंद झालं. त्याच्या पुढच्या महिन्यात गेल्या. पुन्हा तेच. तेव्हापासून माझ्या लग्नापर्यंत, आणि लग्नानंतरही कितीतरी वर्षं, दर पहिल्या शनिवारी मामी त्या दारात जाऊन पाणी मागत आणि लिंबाखाली बसून परत येत. आणि दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये भाकरीचं ताट हातात आलं की एक तुकडाही न उचलता शेजारणीकडे देत. बाप्तिस्मा घेतलेल्या बाईनं इतक्या वर्षांत एकदाही प्रभुभोजन घेतलं नव्हतं. चर्चचे पाळक बदलत गेले. प्रत्येक नव्या पाळकानं त्यांना समजावलं, बाई, तुम्ही तुमच्या बाजूनं सगळं केलंत, देव बघतोय, घ्या आता. मामींचं उत्तर ठरलेलं. "पाणी न्हाई पिले अजून."

आता मला सांगा, माझ्यासारख्या माणसानं यावर गप्प बसावं का? मी गाडीवर मान मागं वळवून वाद घालायचो. "मामी, शाप लागत नसतो. कावीळ पाण्यातून होते. तुमच्या बोलण्यातून नाही."

"मला कळत न्हाई व्हय? काविळीनंच गेलं लेकरू," मामी म्हणायच्या. "पर बोलले ते मीच की. काविळीचं काविळीपाशी, माझं माझ्यापाशी."

"पण अक्का तुमच्या चर्चची नाही. तिला तुमची रीत लागू नाही."

"म्हणून तर. रीत माझी हाय. तिनं द्यावंच असं कुठं हाय? मी जायाचं, एवढंच. तुमी म्होरं बघून गाडी चालवा."

मी पुढं बघून गाडी चालवायचो. पेट्रोलवरून, उन्हावरून, बंद ठेवलेल्या दुकानावरून कुरकुर करायचो, पण पहिल्या शनिवारी कुणाची मोटार घ्यायची नाही असं मीच दुकानातल्या पोरांना सांगून ठेवलं होतं. कारण एव्हाना मी या बाईला ओळखू लागलो होतो, आणि खरं सांगायचं तर भारावलो होतो.

मामा गेले तेव्हा माझी बायको शाळेत होती. मामींनी एकटीनं हॉटेल चालवलं. एकट्या बाईनं हायवेवर हॉटेल चालवायचं तर शिवी म्हणजे दाराचं कुलूप असतं, आणि या बाईनं कुलूपच काढून टाकलेलं. एकदा मी तिथं बसलो असताना एका पिऊन आलेल्या ट्रकवाल्यानं सुसल्याची परात लाथेनं उडवली. सुसला म्हणजे भिजवून फोडणीला टाकलेले चुरमुरे, आमच्याकडचा सकाळचा आधार. सकाळपासूनची सगळी मेहनत मातीत. आजूबाजूचे पंक्चरवाले, टपरीवाले हातातली कामं टाकून उभे राहिले. त्यांना वाटलं, आज तर शिवी निघणारच. मामींनी डोळे मिटले, पदराचं टोक दातात धरलं. मानेची शीर थडथडताना मी बघितली. मग पदर सोडून अगदी हळू म्हणाल्या, "उचल. धुऊन आन."

तो एवढा आडदांड माणूस, त्यानं परात उचलली, नळावर जाऊन घासली आणि आणून ठेवली. पुढे तो त्यांचा कायमचा गिऱ्हाईक झाला. मी नंतर मामींना विचारलं, आत काय चाललं होतं तुमच्या? "तीनी भाषा वर आल्या व्हत्या," मामी म्हणाल्या. "गिळाया येळ लागतो."

रस्ता रुंद झाला तेव्हा हॉटेल गेलं. मामींनी मागच्या पडीक जागेत पत्रे उभे केले, चूल पेटवली, आणि धुळीत हरवलेली गिऱ्हाइकं वास धरून परत आली. त्या काळात त्या एकदा आजारी पडल्या, अंगात ताप होता, तरी शनिवारी गाडीवर बसल्या. मी ओरडलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि टॉवेल डोक्याला गुंडाळला. अशा माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो, पण म्हणून मी थांबलो नाही.

मग गेल्या उन्हाळ्याआधी मंठाळहून फोन आला. अक्काच्या शेजाऱ्याचा. मामींनी कधीकाळी त्याला नंबर देऊन ठेवला होता, लागलं सवरलं तर असू द्या म्हणून. अक्का अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. तिचा नवरा आधीच वारला होता. घरात दुसरं कुणी नाही.

माझ्या बायकोनं धावपळ करून कलबुर्गीच्या दवाखान्यात सोय केली. ऑपरेशन झालं. अक्काला घरी आणून खाटेवर ठेवलं, आणि मामींनी जे कधी केलं नव्हतं ते केलं. हॉटेल बंद केलं, कपड्यांची पिशवी भरली आणि मंठाळला राहायला गेल्या. अक्का त्यांना हाकलू शकत नव्हती. दार लावायला उठता तरी आलं पाहिजे!

मामींनी तिचं सगळं केलं. अंघोळ, वेणी, मऊ भात, कूस बदलणं, सगळं. अक्का ते करून घ्यायची, पण मामींशी एक अक्षर बोलायची नाही. शेजारणीशी बोलायची, मांजराशी बोलायची, भिंतीशीसुद्धा बोलायची.

मी भेटायला गेलो तेव्हा एक गोष्ट बघून कपाळाला हात लावला. खोलीत पाण्यानं भरलेला मोठा रांजण. मामी त्यातलं पाणी अक्काला पाजत होत्या, त्यातल्याच पाण्यानं स्वयंपाक करत होत्या. पण स्वतःला तहान लागली की पिशवीतून प्लास्टिकची बाटली काढून दोन घोट घ्यायच्या. ती बाटली त्या गल्लीच्या टोकाच्या हातपंपावरून भरून आणायच्या, तेही चैत्राच्या उन्हात.

"मामी, समोर रांजण आहे," मी म्हणालो.

"तिनं दिलं न्हाई."

"ती खाटेवर पडलीय! कशी देणार?"

"ते तिचं ती बघंल. न दिलेलं मी कसं पिऊ?"

"आणि त्या पाण्यात शिजवलेला भात खाता तो?"

मामींनी माझ्याकडे असं बघितलं की मला त्यांच्या जुन्या दिवसांची कल्पना आली. पदर दातात धरला. मी बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

पण रीत म्हणजे रीत. महिन्याचा पहिला शनिवार आला की त्या घरातल्या घरात, खाटेपाशी उभं राहून म्हणायच्या, "अक्का, पाणी द्या." अक्का भिंतीकडे तोंड करायची. मग मी यायचो, शेजारीण अक्काजवळ बसायची, आणि मी मामींना रविवारच्या उपासनेसाठी मन्नाएखेळ्ळीला घेऊन जायचो. उपासना झाली की परत मंठाळ.

अशाच एका शनिवारी मी पोचलो तेव्हा मामी मागच्या दगडावर कपडे धूत होत्या. मी खाटेशेजारी डब्यावर बसलो. इतक्या वर्षांत अक्का माझ्याशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी एकदम म्हणाली, "ए पाव्हण्या."

मी दचकलोच.

"ही बया बाटलीतलं पाणी कामून घ्यायलीय? माझ्या रांजणात किडं पडल्यात का? का चर्चला गेली म्हणून माझं पाणी बाटलं तिला?"

मला पहिल्यांदा काही कळेचना. मग लख्ख कळलं. हिला ठाऊकच नव्हतं. हिला कुणी सांगितलंच नव्हतं. चर्चच्या वस्तीत ही रीत शेंबड्या पोरालाही पाठ आहे. तिथं 'पाणी द्या' म्हटलं की त्याचा अर्थ सांगावा लागत नाही, आणि शब्द काढायचा नाही हाच नियम. मामींनी तोच नियम जिवापाड पाळला, आणि मंठाळच्या बाईला तो ठाऊक नसेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. एवढे वाद घातले, पण हे मला सुचलं नाही.

मी अक्काला सांगितलं. शनिवार सांगितला, रविवार सांगितला, भाकरीचं ताट सांगितलं. मामी ते ताट हातात घेऊन पुढं देतात, एक तुकडा उचलत नाहीत, आणि का उचलत नाहीत, ते सांगितलं.

अक्कानं मान माझ्याकडे वळवली.

"मी समजले, बघाया येती," ती म्हणाली. "पाणी घालायला कुणी न्हाई म्हणली व्हती न्हवं मला? लेकरू गेलं, मंग ही दर म्हैन्याला दारात येऊन पाणी मागती. मी समजले, आठवण द्यायलीय. बघाया येती, हिला कुणी हाय का अजून, का एकटीच हाय."

मागून धप्प आवाज झाला. मामी दारात उभ्या होत्या, पिळलेल्या कपड्यांची बादली हातातून सुटलेली. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मी मामींना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मामांच्या आठवणीच्या प्रार्थनेतही नाही, हॉटेलावर बुलडोझर चालला तेव्हाही नाही. त्या उंबऱ्यावर खाली बसल्या. पदर दातात धरायला गेल्या, पण ओठ मिटेनात. "अक्का," म्हणाल्या, "म्हंजे मी दर म्हैन्याला येऊन तुमाला त्येच बोलत आले. त्येच. एकदा न्हाई, दर म्हैन्याला." आणि कपाळ गुडघ्यावर टेकवून हुंदके द्यायला लागल्या. मला उठून जावंसं वाटत होतं, आणि उठवत नव्हतं.

अक्कानं खाटेवरून हात लांब केला. उशाशी स्टुलावर तिचा पाण्याचा तांब्या-पेला असायचा. तिला एकटीनं कुशीवर वळायला डॉक्टरांनी मनाई केली होती. ती वळली. मी पुढं झालो तर मला म्हणाली, "तू बस." तांब्या उचलला, पेल्यात ओतला, निम्मं पाणी चादरीवर सांडलं. पेला दाराच्या दिशेनं धरला.

"ये," म्हणाली. "पी. मरताना माझ्या तोंडात आता तूच घालणार हायस. मंग आदी माझ्या हातचं पी."

मामी गुडघ्यांवर सरकत खाटेपाशी आल्या. दोन्ही हातांनी पेला घेतला. त्यात दोन घोटसुद्धा नव्हते, पण प्यायला त्यांना खूप वेळ लागला. पेला खाली ठेवला तेव्हा अक्कानं तो परत भरला आणि माझ्याकडे बघितलं. "ह्यो बी किती वर्सं लिंबाखाली हुबा हाय. घे रं पाव्हण्या."

मी प्यालो. मी देव मानत नाही, तेव्हाही मानत नव्हतो, आजही मानत नाही. पण तो पेला मी दोन्ही हातांनी धरून शेवटच्या थेंबापर्यंत रिकामा केला, आणि ते का, यावर मला कुणाशीही वाद घालायचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी चर्चमध्ये अगदी मागं, चपलांजवळ बसलो. ताट बायकांच्या रांगेतून येत होतं. मामींच्या शेजारी बसणाऱ्या बाईला वर्षानुवर्षांची सवय, तिनं मामींच्या पुढून हात लांब करून ताट घ्यायला घेतलं. मामींनी ताट सोडलं नाही. "थांब की," म्हणाल्या. सगळी रांग वळून बघायला लागली. मामींनी एक तुकडा उचलला, कपाळाशी नेला आणि तोंडात टाकला. पाळक नवीन होते, तरुण होते. आज एवढ्या बायका का रडतायत, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

मामी आता मंठाळलाच असतात. हॉटेलही तिकडेच, गावच्या स्टँडवर पत्रे टाकून. अक्का वॉकर धरून अंगणात फिरते. दोघी एका घरात, म्हणजे भांडणं आलीच, आणि तीसुद्धा रोज. मामी शिवी देत नाहीत, पण अक्काचं तसं काही नाही. तिनं इतक्या वर्षांचं साठवून ठेवलंय.

गेल्या शनिवारी मी मामींना न्यायला गेलो तेव्हा अंगणात जोरात चाललं होतं. मामींनी मिरच्या वाळत घातल्या होत्या आणि अक्काच्या कोंबडीनं त्या विस्कटल्या होत्या. मामींच्या दातात पदर, अक्काचं तोंड चालू. मला बघितलं आणि अक्का वाक्याच्या मध्येच थांबली. वॉकर ढकलत आत गेली, पेला भरून आणला आणि मामींच्या पुढं धरला.

"उद्या जेवण हाय न्हवं तुझं? पी आदी. ऱ्हायलेलं सोमवारी बोलू."